बयनामायने आणलेली मोहरी

फार वर्षं झाली. किती, ते विचारलं तर कोसमडोहची म्हातारी माणसं नुसता हात पाठीमागं करून दाखवतात. त्या काळी वैनगंगेकाठच्या या गावात डोमाजी तेल्याचा घाणा होता, आणि घाण्यावर त्याची बायको बयना बसायची. सारं गाव तिला बयनामाय म्हणायचं. ठेंगणी, रुंद, सारखी बोलत राहणारी बाई. मोहरीचा एक दाणा दाढेखाली फोडला, की तेल किती येईल आणि किती महिने टिकेल, ते ती सांगायची. असं म्हणतात, तिचं कधी चुकलं नाही.

धान कापलं की गाव त्याच बांध्यांमध्ये, म्हणजे बांध घातलेल्या शेतांमध्ये, मोहरी पेरायचं. आधी घराघराची मोहरी वेगळी होती. मग कुणीतरी बाजारातून टपोऱ्या दाण्याची मोहरी आणली. तिचं तेल भरपूर निघे. पाहता पाहता सगळ्यांनी तीच धरली, आणि जुनं बारीक बी फोडणीत संपून गेलं. बयनामाय सांगायची, की हे तेल पावसाळ्यात खवट होतं, नाकाला झोंबतसुद्धा नाही. पण भरल्या मडक्यापुढं तिचं कोण ऐकणार?

एका पौषात मोहरीवर मावा पडला. ती बारीक चिकट कीड शेंड्याशेंड्याला डसली आणि आठ दिवसांत साऱ्या बांध्या काळ्या पडल्या. सगळीकडे एकच मोहरी, म्हणून एकही बांधी वाचली नाही. घाणा थांबला. तान्ह्या बाळांच्या अंगाला लावायलाही तेल मिळेना, आणि पुढच्या साली पेरायला बी नव्हतं.

तेव्हा बयनामायनं ठरवलं, की गावात जितक्या सुना, तितक्या माहेरी जायचं आणि प्रत्येक घरून मूठभर मोहरी मागायची. डोमाजी म्हणाला, "एवढ्या गावांत तुले बी कोण देईल?"

"आया देतील," बयनामाय म्हणाली.

होळी झाली आणि ती निघाली. प्रत्येक दारात ती आधी लेकीची खुशाली सांगायची, नातवाला दात किती आले ते सांगायची, आणि मग पदर पसरायची. कुठली आई हसायची, कुठली रडायची, पण रिकाम्या हातानं तिला कुणी पाठवलं नाही. कुठं काळी मोहरी मिळाली, कुठं तांबूस, कुठं पिवळीधमक, कुठं चाळणीतून गळून जाईल इतकी बारीक. प्रत्येक मुठीसाठी ती लुगड्याची एक चिंधी फाडायची आणि पुरचुंडी बांधायची. असं म्हणतात, तिच्या पायाखाली वाटा आखूड व्हायच्या. सकाळी निघालेली बयनामाय दुपारी सात गावं पलीकडे जेवायला बसलेली असायची.

परतताना पाऊस लवकर आला. वैनगंगा दोन्ही काठ भरून वाहत होती आणि नावाडी नाव सोडायला तयार नव्हता. असं म्हणतात, बयनामायनं गाठोडं डोक्यावर घेतलं आणि नदीलाच सांगितलं, "आयांनी लेकींसाठी दिलं आहे. तू बी त माय आहेस. वाट दे."

नदी कमरेइतकी उतरली. पण मध्यावर एक लाट उसळून गाठोड्यावर आली. अलीकडच्या काठावर बयनामायनं ते सोडलं, तर साऱ्या पुरचुंड्या सुटून बी एकात एक मिसळलेलं. कुठली मूठ कुणाच्या आईची, ते आता तिलाही ओळखू येईना. आयुष्यात पहिल्यांदा ती गप्प झाली. गावात येऊन तिनं मान खाली घालून सुनांना खरं काय ते सांगितलं. त्यांनी बी ओट्यावर पसरलं आणि वाळवलं. कार्तिकात सगळ्यांनी ते एकाच बांधीत, तसंच मिसळलेलं पेरलं.

पौषात मावा पुन्हा आला. काही रोपं काळी पडली. पण काही त्याच्या आधीच फुलून शेंगांना आली होती, आणि काहींचं पान इतकं खरखरीत, की कीड त्यावर टिकेना. अर्धीअधिक बांधी पिवळी उभी राहिली.

सुकवंती नावाची एक सून ती बघायला आली होती. तिची आई त्याच श्रावणात वारली होती. नदीला पूर, म्हणून तिला शेवटचं जाताही आलं नव्हतं. चालता चालता ती एका लाल देठाच्या रोपापाशी थांबली.

"माय, हे आमच्या घरचं आहे."

"कशावरून?"

"पान केसाळ आहे. भाजी खुडताना हाताले खाज सुटे. आई म्हणे, खाजू दे, पण चव हिचीच."

बयनामायनं तिच्या पाठीवर हात ठेवला. मग एकेक करून साऱ्याच सुना बांधीत उतरल्या, कुणी पान चुरून बघे, कुणी फूल हुंगे. असं म्हणतात, त्या दिवशी सूर्यसुद्धा थोडा उशिरा मावळला.

माघात ती सारी मोहरी एकत्रच घाण्यात पडली. पहिली धार निघाली आणि घाण्याचा बैल शिंकला; तीन गल्ल्यांतल्या माणसांच्या डोळ्यांना पाणी आलं. ते तेल पुढचा पावसाळा संपेपर्यंत खवट झालं नाही. डोमाजी म्हणाला, की यातलं सर्वांत जोरकस बी निवडून तेवढंच पेरू. बयनामायनं विचारलं, "पुढच्या साली कोण उभं राहील, ते तुमाले ठाऊक आहे का?" बी निवडायचं राहिलं, ते कायमचंच.

बयनामाय पिकल्या वयात गेली. पण कोसमडोहला आजही नवी सून माहेरची मूठभर मोहरी घेऊन येते, आणि पेरणीच्या दिवशी ती गावाच्या सुपात मिसळते. पौषात बांध्या फुलल्या, की एक दिवस बयनामायचा. त्या दिवशी चुली पुरुष सांभाळतात आणि सुना आपापलं माहेर शोधायला मोहरीत उतरतात. जिला आपलं रोप सापडत नाही, तिला शेजारीण आपल्या रोपापाशी बसवून घेते.