शेवंतीची तपासणी

"पण परक्या हाताला घाबरायचं नाही, हे तिला शिकवायचं कसं?"

खानविलकर सरांनी हा प्रश्न आल्यापासून दुसऱ्यांदा विचारला. पहिल्यांदा विचारला तेव्हा लतीफबाबा सुईत दोरा ओवत होते. अजूनही ओवतच होते.

साताऱ्याबाहेर, नदीकडे उतरणाऱ्या रस्त्याला एक जुना तकिया, म्हणजे फकिराचं ठाणं, आहे. लिंबाचं झाड, दगडी ओटा आणि पत्र्याची एक खोली. म्हातारे लतीफबाबा तिथे राहत आणि लोकांच्या फाटक्या गोधड्या शिवून देत. गावातली टाकून दिलेली, मार खाल्लेली, कुणाच्याही जवळ न जाणारी मांजरं त्यांच्या आसपास पाय ताणून झोपलेली असत.

सर आले होते ते एवढ्यासाठीच. एरवी ते बाबाबुवांच्या वाटेला जाणारे नव्हते. जन्मभर हेडमास्तरकी केलेला माणूस. त्यांच्या शाळेत पोरं चप्पलसुद्धा आवाज न करता काढत.

ओट्यावर, त्यांच्या शेजारी, जाळीची बास्केट होती. आत शेवंती होती. पांढरीशुभ्र पर्शियन मांजर, गळ्यापाशी पिवळसर झाक. सकाळीच अंघोळ घातलेली, ड्रायरनं वाळवलेली, विंचरून फुलवलेली. ती बास्केटच्या पार कोपऱ्यात अंग चोरून बसली होती.

"उद्या पुण्याला मांजरांचा शो आहे," सर म्हणाले. "पहिलाच. परीक्षक टेबलावर घेऊन बघतात. डोळे, कान, दात, नखं. शेजारच्या बर्वेंना परीक्षक करून मी रोज सराव घेतला. त्यांच्या हाताला तिनं ओरखडे काढले. आता ते आमच्याकडे येत नाहीत."

"हं."

"तुमच्याकडे असं काय आहे की ही मांजरं घाबरत नाहीत?"

बाबांनी दोरा ओवला. गाठ मारली.

"भ्याली की काय करते ती?"

"माझ्या पलंगाखाली जाते."

"आणि तुम्ही भ्यालात की?"

सरांना हा प्रश्न आवडला नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. तोवर बाबांचे चार टाके घालून झाले होते.

"मी..." सर म्हणाले आणि थांबले. मग अगदी हळू म्हणाले, "मी तिला अंघोळ घालतो."

बाबा हसले नाहीत.

"या महिन्यात बरीच घातली असेल."



रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला. बाबा टाके घालत राहिले. सरांना मात्र ती शांतता सोसेना. त्यांनी बास्केटची कडी चाचपली. वाकून आत पाहिलं. "शेवंती, शेवंती," अशा हाका मारल्या. शेवंतीनं कान मागे पाडले.

"मांजर कुणाची?" बाबांनी विचारलं.

"माझी."

सुई थांबली.

"मुलीची," सर म्हणाले. "ऋजुताची. ती घर सोडून गेली तेव्हा ही पिल्लू होती. पुण्यात भाड्याच्या खोलीत मांजर चालत नव्हती, म्हणून राहिली माझ्याकडे."

"का गेली?"

सरांनी लिंबाकडे पाहिलं. मग एकदा सुरुवात केल्यावर ते बोलतच गेले. ऋजुतानं डॉक्टर व्हायचं होतं. म्हणजे तसं ठरलं होतं. वक्तृत्वापासून गणितापर्यंत प्रत्येक स्पर्धेला त्यांनी तिला स्वतः तयार केलं होतं. पहाटे उठवून, समोर उभं करून, हातवाऱ्यांसकट. मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला तिनं सांगितलं की मला हे जमत नाही, मी सोडतेय. त्या दिवशी सर तिला काहीतरी बोलले. काय बोलले ते त्यांनी बाबांना सांगितलं नाही. आता ती एका बेकरीत कामाला होती. पाव भाजायची.

दोन वर्षं बापलेकीचं बोलणं नव्हतं.

"मग हा शो..."

"तिच्या मावशीच्या कानावर घातलं मी. मावशी सांगेल हे मला ठाऊक होतं." सरांनी खिशातून फोन काढला आणि हात लांब करून बाबांपुढे धरला. "परवा हा निरोप आला. 'शेवंतीला आणताय असं कळलं. बघायला येईन.' एवढाच."

"फोन का नाही केलात तिला?"

"तिनं उचलला नसता."

"करून पाहिलात?"

सरांनी फोन खिशात ठेवला.

"म्हणून म्हणतो, उद्या काही चुकायला नको," ते म्हणाले. त्यांचा आवाज थोडा चढला होता. "ती दोन वर्षांनी बघणार. मांजर टेबलावर नीट बसली पाहिजे. अंगावर एक डाग नको. मी तिची नीट काळजी घेतली, हे दिसलं पाहिजे. तुम्ही काही उपाय सांगा. मंत्र असेल तर मंत्र. मी मानत नाही, पण म्हणेन."

बाबांनी गोधडी बाजूला ठेवली. गुडघ्यावर हात टेकून उठले.

"बास्केटची कडी काढा. आणि तुम्ही इथे बसा. ओट्याच्या कडेला. पाय खाली सोडून."

"मी?"

"तुम्ही."

सर बसले. बाबा समोर येऊन उभे राहिले. काही न बोलता त्यांनी सरांची हनुवटी दोन बोटांनी वर उचलली. डोळ्यांत पाहिलं. एका डोळ्यात, मग दुसऱ्या. मान इकडे वळवली, कान पाहिला. तिकडे वळवली, दुसरा कान पाहिला.

"तोंड उघडा."

सरांनी उघडलं. का उघडलं ते त्यांना नंतरही सांगता आलं नाही.

बाबांनी दात पाहिले. हात उलटा करून नखं पाहिली. त्यांच्या बोटांना सुताचा आणि उदाचा वास होता. एवढा मोठा माणूस, पण कुणीतरी आपल्याला निरखतंय आणि चेहऱ्यावर काही दाखवत नाहीये, एवढ्यानं त्यांनी अंग चोरलं.

तेवढ्यात डोळ्याच्या कडेला काहीतरी पांढरं हललं.

शेवंती बास्केटमधून बाहेर आली होती. ओट्यावरून उतरली. लिंबाखालच्या मातीत, जिथे बाबा चुलीतली राख टाकत, तिथे तिनं हुंगलं. मग ती आडवी झाली आणि पाठीवर लोळली. एकदा या कुशीवर, एकदा त्या.

"अहो, ती राखेत..." सर उठायला लागले.

"तपासणी संपली नाही," बाबा म्हणाले. हनुवटी त्यांनी सोडली नाही.

सर तसेच बसून राहिले. मान वर, डोळे तिरपे. महिनाभराची मेहनत डोळ्यांदेखत राखेत लोळत होती. तिच्याजवळ एक कानतुटका बोका झोपला होता. शेवंतीनं त्याला हुंगलं. त्यानं एक डोळा उघडला आणि मिटला. ती त्याच्या शेजारी बसून पंजा चाटू लागली.

सरांनी तिला असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. घरात तरी नाही.

बाबांनी हात काढून घेतला. परत गोधडीपाशी जाऊन बसले.

सरांना राहवलं नाही. "किती?" त्यांनी विचारलं.

"काय किती?"

"गुण... किती दिलेत?"

बाबांनी मान वर केली आणि त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. त्या नजरेत थट्टा नव्हती. सरांना ती सहन झाली नाही. ते उठले, मळलेली मांजर उचलून बास्केटमध्ये ठेवली आणि निरोप न घेता चालू लागले.

घरी गेल्यावर त्यांनी पाणी तापत ठेवलं. बादली भरली. बादलीचा आवाज ऐकून शेवंती पलंगाखाली गेली.

सर ओणवे झाले. अंधारात दोन डोळे दिसले. त्यांनी हात पुढे केला तशी ती आणखी मागे सरकली. मग का कोण जाणे, सर तिथेच फरशीवर बसले. बादलीतलं पाणी निवून गेलं. शेवटी त्यांनी ते कुंडीतल्या झाडांना घातलं.

दुसऱ्या दिवशी ते पुण्याला पोचले तेव्हा हॉल भरला होता. साटिनचे पडदे लावलेले पिंजरे. ड्रायरची घरघर. पावडर, ब्रश, रिबिनी. एका बाईच्या मांजरीला स्वतःचा पंखा होता. शेवंतीच्या शेपटीवर राखेचा करडा पट्टा तसाच होता. शेजारच्या पिंजऱ्यातले गृहस्थ तिच्याकडे आणि मग सरांकडे पाहून सौजन्यानं दुसरीकडे बघायला लागले.

सरांचं लक्ष दाराकडे होतं. येणाऱ्या प्रत्येक मुलीकडे ते पाहत. तिनं केस कापले असतील तर आपण ओळखू का, अशी एक शंका मनात आली आणि ती जाईना.

शेवंतीचा नंबर पुकारला. ऋजुता आलेली नव्हती.

परीक्षक बाई बारीक, शांत चेहऱ्याच्या होत्या. त्यांनी शेवंतीला टेबलावर घेतलं. डोळे पाहिले. शेपटी पाहिली आणि भुवया किंचित उंचावल्या. मग कानाकडे हात नेला. शेवंतीचं अंग ताठ झालं. पुढच्या क्षणी ती टेबलावर नव्हती. लांब टेबलक्लॉथची किनार हलत होती.

"कोणाची आहे? घ्या बाहेर, प्लीज," बाई म्हणाल्या.

सगळा हॉल बघत होता. सर पुढे झाले. जन्मभर व्यासपीठावर बसलेला माणूस, त्यांनी इस्त्रीच्या पँटचे गुडघे फरशीला टेकले, हात टेकले, कापड वर केलं आणि टेबलाखाली शिरले.

आत शेवंती होती. आणि पलीकडच्या बाजूनं, तशीच रांगत, ऋजुता आत आली होती.

तिनं केस कापले होते. सरांनी लगेच ओळखलं.

"ओढू नका तिला, अप्पा," ती दबक्या आवाजात म्हणाली. "बसू दे थोडा वेळ."

सरांनी पुढे केलेला हात मागे घेतला.

ते दोघं टेबलाखाली बसून राहिले, मान वाकवून, कारण वर लाकूड लागत होतं. कापडाच्या कडेखाली परीक्षक बाईंचे बूट दिसत होते. ऋजुताच्या मनगटावर भाजल्याचा लहानसा डाग होता. सरांनी तो पाहिला.

"कधी आलीस?"

"मघाशीच. मागे उभी होते." थोड्या वेळानं ती म्हणाली, "तिला अंघोळ नाही घातली?"

"नाही."

"तुम्ही? आणि अशीच आणलीत?"

"ती पलंगाखाली गेली होती," सर म्हणाले.

ऋजुतानं त्यांच्याकडे पाहिलं. मग तिनं मान खाली घातली. शेवंतीनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं, मग ती ऋजुताच्या मांडीवर चढली आणि स्वतःभोवती एक फेरी मारून बसली.

शेवंतीला नंबर मिळाला नाही. तिचं नाव यादीतून काढलं गेलं.

हॉलसमोरच्या टपरीवर दोघांनी चहा घेतला. बोलणं फारसं झालं नाही. चहा बरा आहे, मावशीचे गुडघे दुखतात, एवढंच. निघताना ऋजुता म्हणाली की आता तिची खोली स्वतंत्र आहे, मालकीण मांजर ठेवू देते. शेवंतीला थोडे दिवस नेऊ का?

सरांनी बास्केट तिच्या हातात दिली.

"महिनाअखेरीला घेऊन येते," ती म्हणाली. "घरी."

आणि इथून सरांची झोप उडाली.

त्या आठवड्यात ते पुन्हा तकियात आले. रिकाम्या हातांनी. आल्या आल्या बोलायला लागले.

"बाबा, ती येणार आहे. राहणार आहे की लगेच जाणार, ते माहीत नाही. तिची खोली तशीच ठेवलीय, पण भिंतीवर अजून तिची प्रशस्तिपत्रकं आहेत. ती काढू का? काढली तर तिला काय वाटेल? नाही काढली तर? जेवायला काय करू? त्या दिवशी जे बोललो त्याची माफी आधी मागू की जेवणानंतर? मी वाक्य पाठ करतोय, पण दर वेळी भाषणासारखं होतंय. तुम्ही सांगा, मी तयारी कशी करू?"

बाबा गोधडीचा काठ दुमडत होते.

"बसा," ते म्हणाले.

सर बसले. कानतुटका बोका येऊन त्यांच्या पायाला घासून गेला. सरांना ते कळलंही नाही.

"सारखा उठून दारापर्यंत जातो मी," सर म्हणाले. "अजून महिना संपायला अवकाश आहे. तरी जातो. तिथेच बंद दाराला टेकून उभा राहतो. रिक्षा थांबली की कान लावतो."

"हं..."

बाबांनी काठावर एक टाका घातला. दुसरा घातला. दोरा दातानं तोडला.

"मास्तर, तुमचं दार कुठे उघडतं? आत की बाहेर?"

सर गोंधळले. त्यांना आठवून बघावं लागलं.

"आत."

"मग दारामागे उभे राहू नका."