अर्ध्या उघड्या दाराचं चित्र

निळ्या डोंगराच्या कुशीत एक गाव होतं आणि गावाच्या टोकाला एक इवलंसं घर होतं. इतकं इवलंसं, की त्याला एकच खोली होती आणि त्या खोलीला खिडकीच नव्हती. त्या घरात शेवंती, तिची आई आणि तिचा छोटा भाऊ राघू राहत.

आई दिवसभर लोकांकडे धान्य निवडायला जाई. शेवंती पहाटे उठून गावाबाहेरच्या बागेत फुलं वेची आणि ती विकून घरी मीठ-पीठ आणी. पण ती फक्त खाली पडलेली फुलंच वेचायची. फांदीवरच्या फुलांना ती हातही लावत नसे. "ती झाडाची आहेत," असं ती म्हणे.

राघू मात्र अंथरुणातच असे. चिंचेच्या झाडावरून पडून त्याचा पाय मोडला होता. आता पाय बरा झाला होता. वैद्यबुवांनी तो दाबून, वाकवून पाहिला आणि सांगितलं, "पाय अगदी ठणठणीत आहे. पण आता पोरानं उठायला हवं. असाच निजून राहिला, तर पायातलं बळच निघून जाईल."

पण राघू काही उठेना. समोरच्या मातकट भिंतीकडे तो नुसता बघत राही.

"राघू, ऊठ ना रे राजा," शेवंती म्हणे.

"कशाला उठू? बघायला आहे काय?"

शेवंतीला फार वाईट वाटे. त्या भिंतीवर काहीतरी सुंदर असायला हवं, असं तिच्या मनात येई. पण आणायचं कुठून?

एके दिवशी सकाळी ती बागेत गेली. गवताच्या पात्यापात्यावर दवाचे टपोरे मोती चमकत होते. गुलबक्षी, तगर, अबोली, सगळी फुलं उन्हात न्हाऊन निघाली होती. इतक्यात बाभळीकडून एक बारीकशी हाक आली.

"अगं, इकडे! मला सोडव ना!"

शेवंतीनं वाकून पाहिलं. बाभळीच्या खोडावर डिंकाचा एक सोनेरी थेंब होता आणि त्या थेंबात बोटाएवढ्या परीचा पंख चिकटला होता! तिचा झगा अबोलीच्या रंगाचा होता. पंख असे झुळझुळीत, जणू साबणाच्या फुग्याचे केलेले. आणि तिच्या सगळ्या अंगातून मऊ मऊ उजेड पाझरत होता.

"हलू नकोस हं, पंख फाटेल," शेवंती म्हणाली. तिनं आपल्या तांब्यातलं पाणी थेंबथेंब त्या डिंकावर सोडलं. पाणी संपत आलं, तेव्हा कुठे डिंक विरघळला आणि पंख सुटला.

"हे तर तुझं प्यायचं पाणी होतं ना?" परीनं विचारलं.

"मी घरी जाऊन पिईन की! तू अशी अडकून कशी राहणार?"

परी खुदकन हसली. "माझं नाव लुकलुक. तुझ्या दोन इच्छा मी पुऱ्या करीन. पण माझ्या अटी आहेत. कुणाचंही मन मला फिरवता येत नाही. मी दिलेल्या सोन्या-नाण्याच्या संध्याकाळी पाकळ्या होतात. आणि नवीन असं काही मला घडवता येत नाही. जगात जे आधीच आहे, तसंच दुसरं करता येतं."

"म्हणजे राघूला तू उठवू शकणार नाहीस?"

"नाही गं. उठायचं त्याचं त्यानंच."

शेवंतीनं थोडा विचार केला. "मग आमच्या भिंतीसाठी एक चित्र दे. मोठ्ठं आणि झगमगीत."

लुकलुकनं टाळी वाजवली. शेवंती धावत घरी आली, तर काय! भिंतीवर भलंमोठं चित्र लागलेलं. निळा धबधबा, पांढरे हंस, लाल कौलांचं घर, आणि चारी बाजूंनी सोनेरी चौकट.

राघूनं चित्राकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"हे न्हावीकाकांकडे आहे. हलवायाकडे पण आहे. केस कापताना मी ह्याच हंसांकडे बघत बसतो. ते कधी कुठे जातच नाहीत."

आणि तो पुन्हा निजला.

शेवंती हिरमुसली, पण हरली नाही. "उद्या बाजार आहे," ती स्वतःशी म्हणाली. "तिथे काहीतरी सापडेलच."

दुसऱ्या दिवशी ती फुलांची टोपली घेऊन बाजारात गेली. टोपलीत फुलांच्या खाली लुकलुकही लपून बसली होती, कारण अजून एक इच्छा पुरी करायची बाकी होती.

बाजारात जुने दुकानदार पुढे, मोकळ्या उन्हात बसत. नव्यानं येणाऱ्याला जागा मिळे ती मागे, वडाखाली. तिथे इतकी दाट सावली, की भर दुपारी दिवेलागण झाल्यासारखं वाटे. शेवंतीला ती जागा आवडे, कारण तिथे फुलं सुकत नसत.

त्या दिवशी तिच्या शेजारी एक नवी मुलगी बसली होती. तिच्या बोटांना हिरवे-निळे डाग होते. समोर पोतं अंथरून तिनं लहान लहान चित्रं मांडली होती. तिचं नाव केतकी. सगळी चित्रं तिनं स्वतः काढली होती, आणि आजवर तिचं एकही चित्र विकलं गेलं नव्हतं.

पलीकडे फुटाणे भाजणारे गणूमामा आणि बांगड्या विकणारी कासारीण मावशी बसत.

"काय गं पोरी," मावशी ओरडली, "झाली का भवानी?"

दिवसाच्या पहिल्या विक्रीला बाजारात भवानी म्हणतात.

"नाही हो मावशी," केतकी म्हणाली.

"व्हायची कशी? चित्रं काय भाजून खायची? त्यापेक्षा गणूमामांकडे फुटाणे भाजायला लाग!"

केतकी हसली, पण तिचे डोळे हसले नाहीत. ती शेवंतीला हळूच म्हणाली, "आज एकही गेलं नाही, तर मी हे कुंचले नदीत सोडून देणार आहे."

शेवंती चित्रांवर वाकली. सावलीत नीट दिसत नव्हतं, म्हणून तिनं नाक अगदी जवळ नेलं. आणि एका चित्रापाशी ती थबकलीच. ताटाएवढं चित्र ते. एक मातीची गल्ली होती, तिच्यात एक निळं दार, अर्धं उघडं. उंबऱ्यापाशी एकच इवलीशी लाल चप्पल. आणि एक काळं करडू कान टवकारून दारातून आत डोकावत होतं. दाराच्या फटीत पिवळ्या रंगाची एक बारीकशी रेघ होती.

"दुसरी चप्पल कुठे आहे?" शेवंतीनं विचारलं. "आणि आत कोण आहे?"

"मला ठाऊक आहे," केतकी म्हणाली. "माझ्या मावशीच्या गावी मी ते डोळ्यांनी पाहिलंय. पण सांगणार नाही. जो अगदी निरखून बघेल, त्यालाच दिसेल."

शेवंतीनं चटकन वर पाहिलं. राघू हेच विचारील! अगदी हेच! "केवढ्याला हे?"

"लहान चित्राला एक नाणं."

शेवंतीच्या ओढणीच्या गाठीत तिचं स्वतःचं एक नाणं होतं. लाल रिबिनीसाठी तिनं ते किती दिवसांपासून जपलं होतं. तिनं गाठ सोडायला घेतली, तेवढ्यात टोपलीतून कुजबुज आली.

"नाणं कशाला घालवतेस? मी क्षणात अस्संच दुसरं करून देते. तुझी रिबीनही राहील."

"आणि मग केतकीताईला काय मिळेल?" शेवंतीही कुजबुजली. "ते करडू तिनं पाहिलंय, लुकलुक. तू नाही पाहिलंस. मला तिच्या हातचंच हवं."

असं लुकलुकला कुणी कधीच म्हटलं नव्हतं.

शेवंतीनं नाणं पुढे केलं. केतकी त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिनं ते दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं आणि चित्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत आपलं नाव लिहून दिलं.

"झाली गं बाई भवानी!" मावशी म्हणाली. "पण आता दुसरं गिऱ्हाईक कुठून आणशील?"

शेवंतीनं टोपलीत डोकं घातलं. "लुकलुक, माझी दुसरी इच्छा! लोकांनी केतकीताईची चित्रं घ्यावीत."

"मन फिरवता येत नाही मला. सांगितलं ना?"

शेवंतीनं वर पाहिलं. वडाची काळी सावली, आणि पलीकडून लगबगीनं जाणारी माणसं. ती ठामपणे म्हणाली, "मग मन फिरवू नकोस. फक्त इथे उजेड कर. ही चित्रं कुणाला दिसतच नाहीत. दिसली की घेतील!"

"उजेड आहे माझ्याजवळ," लुकलुक म्हणाली. "पण तो इथे सांडला, तर जेमतेम एक थेंब उरेल."

"अगं बाई! मग नको, नको!"

"वेडाबाई, उजेड सांडण्यासाठीच तर असतो."

आणि लुकलुक फुलांतून भुर्रकन वर उडाली. वडाच्या पानापानातून सोनेरी, केशरी, मोतिया उजेड खाली झरू लागला. निळं अधिक निळं झालं, हिरवं हसू लागलं. जाणारी माणसं थांबली.

"ही आपलीच नदी की!"

"हे आपलं देऊळ. पायरी बघा, तुटकी!"

कासारीण मावशी पुढे आली आणि किंचाळलीच. "अगं बया! ही तर माझी चंद्री म्हैस! डावं शिंग बघा, वाकडं! दे गं मला हे."

"काय मावशी," गणूमामा म्हणाले, "आता भाजून खाणार का?"

"गप रे फुटाण्या! घरात लावीन मी. माझ्या चंद्रीचं चित्र आहे, दुसऱ्या कुणाकडे आहे का असं?"

दिवस मावळेपर्यंत केतकीची बरीच चित्रं लोकांच्या घरी निघाली. तिनं कुंचले नीट पुसून कापडात गुंडाळले. "पुढच्या बाजारी येते हं," ती शेवंतीला म्हणाली. आता तिचे डोळेही हसत होते.

शेवंती घरी आली, तेव्हा खोलीत अंधार होता. तिनं धबधबा उतरवला आणि त्या जागी ते छोटंसं चित्र टांगलं. तेवढ्यात तिच्या ओढणीतून उजेडाचा एक थेंब निघाला आणि चित्रावर जाऊन बसला.

राघूनं मान वळवली.

"ताई, एकच चप्पल का?"

"काय ठाऊक!"

"करडू कुणाला बघतंय?"

"केतकीताई म्हणाली, निरखून बघणाऱ्याला दिसतं."

राघू कोपरावर उठला. दिसेना. उठून बसला. तरी दिसेना. मग त्यानं एक पाय जमिनीवर टेकला, मग दुसरा. भिंत धरून तो उभा राहिला, लटपटला, आणि एकेक पाऊल टाकत चित्रापाशी गेला. दारात आलेली आई तोंडावर पदर धरून उभी होती.

राघूनं भिंतीला नाक लावलं.

"ताई! आत एक हात आहे! इवलासा! करडाला भाकरी देतोय!"

उजेडाचा थेंब लुकलुकला. एक बारीकसं हसू खोलीत किणकिणलं. मग तो थेंब निळ्या दारापाशी गेला, करडाच्या कानावर क्षणभर टेकला आणि त्या पिवळ्या रेघेतून आत निघून गेला.

दार मात्र तसंच राहिलं, अर्धं उघडं. आणि राघू उभाच होता.