पूजेतला पाना

अवजारं माणसांना तोंडावर सुनावत असत, त्या काळातली ही गोष्ट. येसाजीने वडिलांची जुनी पिकअप घरच्या अंगणातच नव्याने उभी करायला घेतली. निळा रंग झाला, सीटांना कव्हरं आली, आरशाला गोंडे लागले. ब्रेकच्या पाइपाचा नट मात्र ढिलाच राहिला आणि तिथून थेंब थेंब तेल गळत राहिलं.

खंडेनवमीला हळदकुंकू लावून घेताना पाना वैतागून म्हणाला, "अहो मालक, आधी तो नट आवळा!"

"आज हत्याराला काम सांगायचं नसतं," येसाजी म्हणाला.

"मग काल काय झालं होतं?"

"काल रंग ओला होता."

"आणि उद्या?"

"उद्या दसरा. पोराबाळांना घेऊन घाटाखालच्या देवीला जायचंय."

"असल्या ब्रेकवर घाट?" पिकअप किंचाळली. "मी जागची हलणार नाही!"

दुसऱ्या दिवशी मुलं मागे चढून बसली, पण पिकअप खरंच सुरू होईना. येसाजीने तिच्यासमोर नारळ फोडला, उदबत्ती ओवाळली आणि हात जोडून विचारलं, "माझं काय चुकलं गं?"

"कपाळ माझं!" पाना ओरडला. "कालपासून दुसरं काय सांगतोय?"

येसाजीची बायको गोदा पुढे झाली. तिने फुलांतून पाना उचलला, पदराने कुंकू पुसलं आणि ती सरळ गाडीखाली शिरली.

"अगं, पूजेतला आहे तो!" येसाजी घाबरून म्हणाला.

"मग मी पूजाच करतेय," गाडीखालून उत्तर आलं. "तुम्ही वर चढा आणि ब्रेक दाबा."