मधली चार पानं

प्राचार्य भालेकरांनी निबंधासाठी स्वतःचाच कवितासंग्रह लावला. जगात दुसरं पुस्तकच उरलं नव्हतं जणू! वर बजावलं, "सुरुवात वाचून माणूस सावरून बसला पाहिजे, शेवट वाचून ताडकन उठला पाहिजे. आणि मध्ये फक्त कवितांचा आशय. पदरचं एक अक्षर घातलंत, तर नापास!"

वेणू ढमालेचा निबंध पाहून ते खुर्चीतच लालबुंद झाले. "सुरुवात झकास, शेवटही ठीक; आणि मधली चार पानं कोरी?"

वेणू अदबीनं म्हणाली, "सर, संग्रह तीनदा वाचला. आशय जेवढा सापडला, तेवढा सगळा लिहिलाय. पदरचं काही घातलं नाही."

सर ताडकन उठले. म्हणजे शेवट साधला होता.