रणधीरदादांची गाडी आणि बारा पस्तीसचा मुहूर्त

घाटाच्या पायथ्याला एक गाव होतं. गावात एकच गॅरेज होतं, आणि त्या गॅरेजात बाळगोंडा नावाचा एक भोळा मिस्त्री होता. वय चाळीस, मिशी झुबकेदार, मन लोण्यासारखं. सांगितलेली गोष्ट तो कधी विसरायचा नाही. सगळी पंचाईत तीच होती.

एका सकाळी रणधीरदादा आपली लाल परदेशी गाडी घेऊन आले. गाडी धापा टाकत होती.

"दस्तगीरचाचा, परवा माझं लग्न. मांडव घाटमाथ्यावर, मुहूर्त बारा पस्तीसचा. आणि गाडीत दमच राहिला नाही! काल चढावर एका सायकलवाल्यानं मला मागं टाकलं. वर हसला पण."

गॅरेजचे मालक दस्तगीरचाचा. त्यांनी बॉनेट उघडलं. "बाळगोंडा, इकडं ये. ह्याला सुपरचार्जर म्हणतात. इंजिनाचा पट्टा ह्याला फिरवतो, आणि हा बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. हवा भरपूर तर दम भरपूर. हवा मध्येच गळली की संपलं. साबणाचं पाणी लाव. बुडबुडे येतील तिथं गळती. तिथं रबराची पट्टी आवळ. आणि ऐक, ही गाडी मुहूर्ताला पोचली नाही, तर त्या दिवसापासून तू गॅरेजात पाय ठेवायचा नाहीस."

बाळगोंडाने लगेच बाह्या सरसावल्या. ह्या गॅरेजातल्या कामाशिवाय त्याला दुसरं काहीच येत नव्हतं. तसं हेही येत नव्हतं, पण ते असो.

त्याने बादलीभर साबणाचं पाणी केलं आणि गाडीवर ओतलं. बुडबुडे टपावर आले, दारावर आले, आरशावर आले. "अरे देवा, सगळीकडूनच गळतीय!" तो हळहळला. मग त्याने जुन्या ट्यूबा कापल्या आणि अख्खी गाडी आवळून बांधली. रणधीरदादा आत बसून फोनवर बोलत होते. ते काचेवर धपाधप मारायला लागले.

"दादा, जरा दम धरा. तुमच्या बाजूनं जास्त गळतंय."

चाचांनी कपाळावर हात मारला. "अरे शहाण्या, नुसते बुडबुडे बघायचे नसतात! कान लावायचा. फुस्स आवाज आला की तिथंच दाबून धरायचं."

"लक्षात ठेवलं, चाचा."

दुपारी गॅरेजच्या मागच्या चाचांच्या घरातून फुस्स आवाज आला. रझियाचाची कुकरमध्ये डाळ शिजवत होत्या. बाळगोंडा धावला. शिट्टीवर त्याने आधी फडकं दाबलं, मग वीट ठेवली. आवाज थांबला. "सापडली गळती!" तो खूश होऊन बाहेर आला, आणि आत धडाम झालं.

"डाळ छताला गेली हो!" चाची ओरडल्या. "आता काय शिडी लावून जेवायचं?"

चाचांनी पुन्हा कपाळावर हात मारला. "अरे शहाण्या, तू आता काही करू नकोस. नुसता बघ." त्यांनी स्वतःच पट्टा तपासला. घासून गुळगुळीत झालेला, घसरत होता. तो बदलला. एअर फिल्टर काढून झटकला, तर ओंजळभर धूळ निघाली. "बघितलंस? अशी धूळ साचली की गाडीचा श्वास कोंडतो. धूळ आत जाऊ द्यायची नाही."

"लक्षात ठेवलं, चाचा."

लग्नाचा दिवस उजाडला. मुंडावळ्या बांधलेला नवरदेव गाडी कशी चालवणार? चाचा वऱ्हाडाच्या टेंपोतून पुढं निघाले होते. म्हणून चावी बाळगोंडाकडे आली.

"हळू ने," चाचांनी बजावलं. "दम कमी वाटला तर ओझं उतरव. पण बारा पस्तीसच्या आत गाडी मांडवात उभी पाहिजे!"

"लक्षात ठेवलं, चाचा."

टेंपो गेला. मागं धुळीचा लोट उठला. बाळगोंडाला धुळीची गोष्ट आठवली. मागच्या सीटवर नवरदेवाचा जरीचा शेला होता. त्याने तो घेतला आणि फिल्टरकडे हवा नेणाऱ्या नळीच्या तोंडात छान कोंबून ठेवला. आता धुळीची काय बिशाद! मग नवरदेव आणि त्याची करवली बहीण लाडवांचे पाच डबे घेऊन गाडीत बसले.

पहिल्याच वळणावर गाडी धापा टाकायला लागली. बाळगोंडाने स्टेपनी आणि जॅक उतरवून ठेवला. दुसऱ्या वळणावर गाडी रांगायला लागली. लाडवांचे पाच डबे उतरवले, आणि राखणीला करवली उतरवली.

"दादा, हा मला लाडवांबरोबर सोडून चाललाय!" ती ओरडली.

"बस गं, खा दोन," रणधीरदादा म्हणाले.

तिसऱ्या वळणावर बारा दहा झाले. गाडी थांबायच्या बेतात. बाळगोंडाने गाडीत नजर फिरवली. उतरवण्यासारखं एकच उरलं होतं. वजन अठ्ठ्याण्णव किलो.

"दादा, जरा उतरता का?"

"धक्का मारायचाय का?" म्हणत रणधीरदादा उतरले.

गाडी पुढं सरकली. बाळगोंडाच्या डोळ्यांत पाणी आलं. गॅरेजातल्या अठरा वर्षांत पहिल्यांदा त्याला रोग स्वतः सापडला होता.

बारा एकोणतीसला गाडी मांडवात उभी राहिली. बँडवाल्यांनी वाजवायला सुरुवात केली. चाचांनी धावत येऊन दार उघडलं.

"नवरदेव कुठाय?"

"त्याच्यामुळंच दम जात होता, चाचा. तिसऱ्या वळणावर उतरवला. स्टेपनी, लाडू, करवली आधीच काढली होती."

चाचांनी बॉनेट उघडलं आणि नळीतून काहीतरी ओढलं. शेला बाहेर आला. अडीच हात, जरीसकट. नवरदेवाचं तेवढंच मुहूर्ताला पोचलं होतं.

"अरे कर्मा!" चाचा ओरडले. "जा! घाटात टाकलेलं सगळं पहिल्यापासून गोळा करून आण! एक गोष्ट जरी राहिली ना, तर याद राख!"

"लक्षात ठेवलं, चाचा."

शेला निघाल्यामुळे गाडी आता वाऱ्यासारखी सुटली. तिसऱ्या वळणावर रणधीरदादा मुंडावळ्या हातात धरून पळत वर येत होते. गाडी बघून त्यांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी दोन्ही हात वर केले.

बाळगोंडाने काच खाली केली, पण ब्रेक लावला नाही.

"दादा, थांबा तिथंच! पहिला नंबर स्टेपनीचा हाय!"