कोल्ह्याचा कर्दनकाळ

फार मोठ्या नव्हे, पण वाट चुकावी इतपत दाट अशा एका रानात एक कोल्हा राहत असे. तो डोक्याने तल्लख होता आणि ही गोष्ट तो स्वतःच सगळ्यांना सांगत फिरे. बालमित्रांनो, त्या रानात संध्याकाळी वडाखाली एक खेळ रंगत असे. गोष्ट सांगायची कासवाने आणि त्या गोष्टीत वावरायचे बाकीच्यांनी. त्यासाठी प्रत्येकाने आपला एक वीर मनाने रचायचा. कासव प्रत्येकाला मूठभर चिंचोके देई. मातीत छोटे छोटे खळगे केलेले असत: बळाचा, चपळाईचा, गाण्याचा, वैद्यकीचा, असे कितीतरी. त्यांत आपले चिंचोके हवे तसे वाटून टाकायचे. ज्या खळग्यात चिंचोके जास्त, त्या कामात वीर तरबेज. जिथे एकही नाही, तिथे तो अगदीच ढ.

सशाने आपल्या वीराचे नाव ठेवले रणधुरंधर, आणि चिंचोके मात्र जवळजवळ सगळे स्वयंपाकाच्या खळग्यात टाकले. "लढून आल्यावर भूक लागणारच की!" तो म्हणाला. कावळ्याने गोड गळ्याची राजकन्या रचली. का, ते तुम्हाला सांगायला नको. अंगभर काटे वागवणाऱ्या साळिंदराने मऊ हातांचा वैद्य रचला. कोल्हा हे सगळे पाहून नाक मुरडत होता. "असल्या वीरांनी कधी राक्षस मारलाय का?" तो म्हणाला.

आता खेळाचा एक नियम असा होता, की वीराच्या अंगी एखादी उणीव घेतली तर कासव दोन चिंचोके वर देई. उणिवेमुळे गोष्टीत गंमत येते, एवढाच त्या बिचाऱ्याचा हेतू. कोल्ह्याने मात्र त्यात वेगळेच हेरले. "माझा वीर बर्फाला घाबरतो," तो म्हणाला. त्या रानात बर्फ कोणी पाहिलाही नव्हता. "त्याला समुद्रात पोहता येत नाही. वीणा वाजवता येत नाही. आणि हो, त्याला उंटाची शिसारी आहे." कासव मान हलवत चिंचोके देत राहिले. नियम त्याचाच होता, करणार काय? कोल्ह्याने ते सगळे चिंचोके तलवारीच्या खळग्यात ओतले आणि वीराचे नाव ठेवले कर्दनकाळ.

खेळ सुरू झाला. डोंगरापलीकडच्या राक्षसाने गावाचा नगारा पळवला होता आणि तो परत आणायचा होता. वाटेत एक बंद दरवाजा लागला. पहारेकऱ्याला गाणे ऐकवून खूश करावे म्हणून कावळा घसा साफ करू लागला, तेवढ्यात कोल्हा ओरडला, "दरवाजा तोडला!" पुढे लांडग्यांची टोळी आली. "सगळे लांडगे लोळवले!" साळिंदर औषधाची पिशवी घेऊन तयार होते, पण कोणाला ओरखडाही उठला नव्हता. दमूनभागून सगळे गोष्टीतल्या ओढ्याकाठी बसल्यावर सशाने मोठ्या हौसेने पिठले-भाकरी रांधली. "चला, जेवायला बसा," तो म्हणाला.

"जेवायला वेळ नाही," कोल्हा म्हणाला. "तुम्ही बसा नुसते. राक्षसाला मी एकटा पुरे आहे."

सशाचे कान खाली पडले. राक्षस मेला, नगारा मिळाला, आणि कोल्हा छाती फुगवून आजूबाजूला पाहू लागला. वाहवा कोणीच केली नाही. कावळा पंख साफ करत बसला होता आणि साळिंदराला चक्क डुलकी लागली होती.

दुसऱ्या संध्याकाळी कोल्हा वडाखाली आला, तर तिथे कासव एकटेच.

"बाकीचे कुठे आहेत?" कोल्ह्याने विचारले.

"आले नाहीत. आपण दोघं खेळू या," कासव म्हणाले. "गुहेतून एक अजगर बाहेर आला."

"मारला."

"त्याच्या मागून सात हातांचा राक्षस आला."

"तोही मारला."

"मग गोष्ट संपली," असे म्हणून कासव उठले आणि चालू लागले.

कोल्ह्याला एकदम रिकामे रिकामे वाटले. एवढा जिंकला, पण "शाब्बास" म्हणायला तिथे झाडाशिवाय कोणी नव्हते. "कुठे निघालात?" त्याने विचारले.

"ओढ्यापलीकडे. तिकडेही माझीच एक गोष्ट चालू आहे. सशाचा रणधुरंधर कोरड्या विहिरीत पडलाय. दुपारपासून त्याला काढता काढता सगळ्यांची पुरेवाट झालीय."

कोल्हा कासवाच्या मागोमाग गेला. ओढ्यापलीकडे नुसता कल्ला चालला होता. राजकन्येने आपली वेणी सोडून विहिरीत टाकली होती, ती निम्म्यातच संपली होती. वैद्य वरून ओरडून ओरडून विचारत होता, दुखतंय कुठे? आणि हसून हसून सशाच्या डोळ्यांत पाणी आले होते.

"मलाही घ्या ना," कोल्हा म्हणाला. "माझा कर्दनकाळ एका झटक्यात त्याला वर..."

सशाचे कान हळूहळू खाली येऊ लागले. काल हेच कान खाली आले होते, पण तेव्हा कोल्ह्याचे लक्ष राक्षसावर होते. आज ते त्याला दिसले आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

"माझा कर्दनकाळ विहिरीपाशी आला," तो हळूच म्हणाला. "त्यानं ऐटीत आत वाकून पाहिलं. आणि पाय घसरून तोही आत पडला."

मग ससा टुणकन उडाला. "अरे, माझ्या अंगावरच पडलास की तू! सरक तिकडे!"

"आता विहिरीत दोघं झाले," कासव शांतपणे म्हणाले. "बोला, वरचे काय करणार?"

साळिंदर आणि कावळा दोघेही एकाच वेळी बोलू लागले, आणि कोल्हा सशाला चिकटून, मान वर करून त्यांचे ऐकत बसला.

तात्पर्य : मिळून खेळायच्या खेळात सोबत्यांसाठीही काही करायला ठेवावे; सगळे एकट्यानेच जिंकले, तर ते जिंकणे पाहायलाही कोणी थांबत नाही.