पाण्यापाशी बसलेली तलंग

फार पूर्वी चंद्रावती नगरीवर राजा सुषेण राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्वांनी एका कुंभाराच्या घरी जन्म घेतला होता. चाक फिरवावे, भट्टी लावावी आणि बायकोची बोलणी निमूट ऐकावीत, असा त्यांचा दिवस जाई.

शेजारी वासुला नावाची विधवा राहत असे. तिच्या परसात सात तलंगा होत्या, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या. एके सकाळी ती दारात आली.

“कुंभारदादा, ती थोरली कुंडी मला द्या. सहाजणी चांगल्या पोसल्यात, पण सातवीची नुसती हाडं राहिलीत. दाणे शिल्लक पडतात, तरी ही तोंड लावत नाही. मोठ्या कुंडीत दाणे घातले तर तिला जागा तरी मिळेल. उद्यापर्यंत खाल्लं नाही तर कापून टाकते. नाहीतरी मरायचीच, आणि उद्या जावई यायचेत.”

कुंडी वर्षभर पडून होती. कुंभाराची बायको ती पुसायलाही लागली. पण बोधिसत्त्व म्हणाले, “ताई, घेण्याआधी मला जरा तुमच्या परसात बसू द्या.”

“अहो, माती वाळतेय!” बायको ओरडली. ते गेलेच.

ऊन चढेपर्यंत ते बसून राहिले. दाण्यांपाशी कुणी कुणाला हुसकावत नव्हते. पण पाण्याचे भांडे एकच होते, सावलीत, आणि त्याला चिकटून एक आडदांड तलंग बसली होती. रोडकी जवळ आली की ती चोच मारी. रोडकीने एक दाणा उचलला, घशात अडकला, तिने मान झटकून टाकून दिला. बिचारी दुरूनच पाण्याकडे बघत उभी राहिली. बोधिसत्त्वांचा जीव कळवळला.

घरी जाऊन त्यांनी भट्टीत वाकडे झालेले एक परळ, म्हणजे मातीचे पसरट भांडे, आणले, एरंडाच्या झुडपाआड ठेवले आणि पाण्याने भरले.

“हे फुकट घ्या, ताई. कुंडी नको तुम्हाला. ही आजारी नाही, तहानलेली आहे.”

“चांगलं गिऱ्हाईक घालवलंत!” असे म्हणून बायको दोन दिवस बोलली नाही.

रोडकी पाणी प्यायली, पुन्हा पुन्हा प्यायली, आणि मग दाण्यांवर तुटून पडली. दुसऱ्या दिवशी वासुलाने सुरी काढली, आणि परत ठेवली. तिच्या डोळ्यांत पाणी आले. ती म्हणाली, “तहानेनं मारतच होते मी हिला. आता सुरीनं कशी मारू?” जावयाला मसुराच्या आमटीवर भागवावे लागले. तो थोडा रुसला.

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा विहारात सांगितली. सुप्रिय नावाचा नवा भिक्षू भोजनाला येईनासा झाला होता, आणि दुखणाईत समजून विहाराचे कोठारी त्याला घरी धाडायला निघाले होते. शास्ता म्हणाले, “ती वासुला म्हणजे आजचे आपले कोठारी. रोडकी तलंग हा सुप्रिय. कुंभार मीच होतो. आधी नीट पाहावे आणि मग द्यावे, याला करुणा म्हणतात.”

“आणि पाण्यापाशी बसलेली ती?” एकाने विचारले.

“तिचं तिला ठाऊक आहे,” शास्ता म्हणाले.

त्या दिवशी भोजनाच्या वेळी एका वयोवृद्ध भिक्षूने पाण्याच्या रांजणाजवळची आपली चटई गुंडाळली, आणि ती दूर भिंतीकडे नेऊन अंथरली.